पांढऱ्या चहात पैसे नेमके कशाचे?

गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात ‘व्हाइट टी’ नावाचे देखणे डबे दिसू लागले आहेत. किंमत नेहमीच्या चहा पावडरीच्या कितीतरी पट. डब्यावर लिहिलेलं असतं: वजन घटवणारा, कॅफिन कमी असलेला, हजारो वर्षांच्या परंपरेचा. कुतूहलाने घरी आणावा, आपल्या सवयीने दूध-साखर घालून उकळावा, तर चव लागते फक्त गोड दुधाची. मग माणूस म्हणतो, ही सगळी जाहिरातबाजी आहे.

दुसरीकडे नोव्हेंबर 2022 मध्ये युनेस्कोने चीनमधल्या पारंपरिक चहानिर्मितीला आणि तिच्याभोवतीच्या रीतिरिवाजांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्या एका नोंदीत चीनच्या 44 स्थानिक परंपरा आहेत आणि फूजियान प्रांतातल्या फूदिंगच्या पांढऱ्या चहाचं कसब त्यांतलं एक. म्हणजे या चहात काहीतरी आहे खास. फक्त ते डब्यावर लिहिलेलं नसतं. माझं मत सरळ आहे: डब्यावरचे बहुतेक दावे अर्धवट किंवा चुकीचे असतात, पण चांगला पांढरा चहा आपली किंमत वसूल करून देतो. ती किंमत कशाची, हे कळायला पान खुडल्यानंतरचे दोन-तीन दिवस समजून घ्यावे लागतात.

सगळा चहा एकाच झाडाचा

हिरवा, काळा, ऊलोंग (हिरव्या-काळ्याच्या मधला), पांढरा ही वेगवेगळी झाडं नाहीत. सगळ्यांची पानं कॅमेलिया सिनेन्सिस या एकाच झाडाची. आसामची मोठ्या पानांची जात आणि चीनची लहान पानांची जात असा फरक जरूर आहे, आणि कुठली जात कशासाठी चांगली हेही ठरलेलं आहे. पण चहाचा प्रकार ठरतो तो खुडलेल्या पानाचं पुढे काय केलं यावर. आन्हुई प्रांतातले चहाचे प्राध्यापक चेन च्वान यांनी 1979 मध्ये याच तत्त्वावर सहा वर्ग मांडले: हिरवा, पिवळा, पांढरा, ऊलोंग, काळा (ज्याला चिनी माणूस लाल म्हणतो) आणि मुरवलेला गडद चहा. चीनमध्ये आजही हीच वर्गवारी चालते.

पानाच्या पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. एका कप्प्यात कॅटेचिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं. दुसरीकडे एक विकर, ज्याला आपण शाळेपासून एंझाइम म्हणत आलो. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पान तांबूस, मग काळपट होत जातं. यालाच ऑक्सिडेशन म्हणतात. वांगं चिरून ठेवलं की थोड्या वेळात काळं पडतं, ते याच जातीच्या विकरामुळे. अखंड वांग्याला काही होत नाही, कारण त्याच्या पेशी शाबूत असतात.

हिरवा चहा करणारे पान खुडलं की ते लवकरात लवकर कढईत तापवतात किंवा वाफवतात. उष्णतेने विकर निकामी होतं आणि पान हिरवं राहतं. काळा चहा करणारे नेमकं उलट करतात. पान आधी कोमेजू देतात, मग दाबून-पिळून पेशी फोडतात आणि ऑक्सिडेशन भरपूर होऊ देतात. आपल्या घरातली पावडर याच्याही पुढची. ती सीटीसी पद्धतीची असते. 1930च्या दशकात आसामात सुरू झालेल्या या पद्धतीत दातेरी रूळ पान चिरडतात, फाडतात आणि त्याच्या बारीक गोळ्या करतात. म्हणूनच दोन उकळ्यांत रंग उतरतो आणि दुधापुढेही चव टिकते.

पांढऱ्या चहात यांतलं काहीच होत नाही. विकर मारण्यासाठी पान तापवत नाहीत, पेशी फोडण्यासाठी ते पिळत नाहीत. पान पसरतात, कोमेजू देतात, वाळू देतात आणि शेवटी मंद आचेवर उरलेली ओल काढतात. कृती एवढीच. आणि ती एवढीच असल्यामुळे चूक झाली तर झाकायला पुढची पायरी उरत नाही.

यात पांढरं काय असतं?

कपात उतरतो तो रंग फिकट पिवळा, जुन्या चहाचा तर नारिंगी-तांबूस. पांढरी असते ती कोवळ्या कळीवरची लव. कळी बोटावर घेऊन उजेडात धरली तर ती मऊ, चमकदार केसांनी पूर्ण झाकलेली दिसते. हिरव्या किंवा काळ्या चहात पिळण्या-वळण्यात ही लव बरीचशी झडते किंवा रसात माखते. इथे पानाला हातच लागत नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहते.

हा चहा मुळात फूजियान प्रांताचा. त्यातली दोन ठिकाणं महत्त्वाची. फूदिंग हे प्रांताच्या ईशान्य टोकाला, समुद्राजवळ, ताइमू डोंगराच्या परिसरात. झेंगहे आतल्या भागात, उंच डोंगरांत. दोन्हीकडे भरपूर लव असलेल्या, जाड कळ्यांच्या स्थानिक जाती आहेत: फूदिंगची ‘दाबाय’ आणि ‘दाहाओ’, झेंगहेची तिची स्वतःची ‘दाबाय’. या जातींची झाडं छाटकलमांनी वाढवतात, त्यामुळे मळाभर एकसारखी कळी मिळते. फूदिंगचा चहा साधारणपणे हलका, ताजा लागतो. झेंगहेचा थोडा भरीव.

खुडणी आणि झाडाच्या जातीनुसार याचे चार प्रकार होतात. फक्त कळ्यांचा तो बायहाओ यिनझेन, म्हणजे रुपेरी सुया. एक कळी आणि एक-दोन पानं असतील तर बाय मूदान. गोंगमेइ होतो ‘काइचा’ नावाच्या गावठी, बियांपासून वाढलेल्या झुडपांच्या कोवळ्या शेंड्यांपासून. आणि मोठी पानं, देठ, अधूनमधून एखादी कळी असा ओबडधोबड दिसणारा तो शोउमेइ. किंमतही याच क्रमाने उतरते. चवीचा क्रम मात्र असाच लागतो असं नाही, आणि हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. त्याबद्दल पुढे बोलूच.

सुयांची खुडणी वसंताच्या सुरुवातीला, मार्चच्या उत्तरार्धात सुरू होते आणि थोडे दिवसच चालते. तिचे जुने नियम आहेत, त्यांना ‘दहा न-खुडणी’ म्हणतात. पावसाच्या दिवशी खुडायचं नाही. दव वाळलं नसेल तर नाही. बारीक कळी नाही, जांभळट कळी नाही, वाऱ्याने फाटलेली, किड्याने खाल्लेली, हाताने दुखावलेली, उमलू लागलेली, आतून पोकळ, रोगट, यांतली एकही नाही. झेंगहेत एक वेगळी रीतही आहे. तिथे पानांसकट शेंडा खुडतात आणि मग बसून एकेका शेंड्याची पानं अलगद सोलून आतली कळी वेगळी करतात. एक किलो तयार चहासाठी साधारण चार ते पाच किलो ओली कळी लागते. महाग पडण्याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण जास्त रंजक आहे.

चाळणीवरचे दोन-तीन दिवस

ताज्या पानात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असतं. ते उतरवून साडेआठ टक्क्यांच्या आत आणायचं, ही चीनच्या राष्ट्रीय मानकाने घातलेली मर्यादा. यातलं बहुतेक पाणी कोमेजण्याच्या टप्प्यात जातं आणि त्याला 36 ते 72 तास लागतात.

यासाठी बांबूच्या विरळ विणीच्या मोठ्या गोल चाळण्या असतात. कारागीर चाळणीवर मूठभर पान टाकतो आणि दोन्ही हातांनी चाळणी धरून एक हेलकावा देतो. पानं एकावर एक न येता पातळ पसरतात. त्यानंतर पानाला हात लावायचा नाही. उलथापालथ करायची नाही. पान हाताळलं की पेशी फुटतात, तेवढी जागा लाल पडते आणि वाळल्यावर तो डाग काळा दिसतो. चाळण्या मांडवावर ठेवतात, कधी सौम्य उन्हात, कधी वारा खेळणाऱ्या खोलीत, कधी दोन्ही आलटून-पालटून. दुपारचं ऊन चढलं की आत, उतरलं की बाहेर.

पान नुसतं वाळत असतं असं मात्र नाही. पाणी कमी होत जातं तसे पेशींचे पडदे सैल पडतात आणि विकर कॅटेचिनपर्यंत थोडं थोडं पोहोचू लागतं. ऑक्सिडेशन होतं, पण फार सावकाश आणि अगदी थोडं. त्याच वेळी पानातली प्रथिनं तुटून अमिनो आम्लं तयार होतात, त्यांतून चहाला गोडसर, भरलेली चव येते. कच्च्या पानाचा गवती वास देणारी द्रव्यं उडून जातात. साखरेशी बांधून असलेली फुलांच्या वासाची द्रव्यं सुटी होतात. पहिल्या दिवशी खोलीत कापलेल्या गवताचा वास असतो, मग फळांचा, फुलांचा. कारागीर पुढचा निर्णय याच वासावर घेतो.

पान सत्तर-ऐंशी टक्के वाळलं की त्याच्या कडा खाली वळतात आणि टोक वर उचललं जातं. ही खूण दिसली की दोन-तीन चाळण्यांची पानं एकत्र करतात. थर जाड होतो, वाळण्याचा वेग मुद्दाम कमी केला जातो, आतला बदल पुरा व्हायला वेळ मिळतो. शेवटी पान बांबूच्या टोपलीत घालून राखेने झाकलेल्या निखाऱ्यांच्या धगीवर, किंवा आजकाल यंत्राच्या गरम हवेत, हळूहळू कोरडं करतात. आच वाढली तर भाजल्याचा वास येतो आणि फुलांचा वास त्याखाली गाडला जातो.

चांगल्या बाय मूदानचं एक वाळलेलं पान तळहातावर घेऊन बघा. वरची बाजू राखट हिरवी, खालची लवेने पांढुरकी. चहावाले याला ‘हिरवं आकाश, पांढरी जमीन’ म्हणतात. मधली शीर बघितली तर ती किंचित तांबूस दिसते. ऑक्सिडेशन झालं, पण हवं तेवढंच झालं, याची ती खूण. सगळं पान एकसारखं हिरवंगार असेल तर घाईत वाळवलं आहे. काळपट-लाल असेल तर दमट हवेत रेंगाळलं आहे.

नुसतं वाळवायचं, त्यात कसब ते काय?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर हवामानात आहे. फूजियानचा वसंत पावसाचा असतो. खुडणीचे दिवस आणि रिमझिमीचे दिवस एकच. फूदिंगमध्ये लोक उत्तरेच्या वाऱ्याची वाट बघतात. तो कोरडा, आभाळ स्वच्छ करणारा. दक्षिणेचा वारा ओल घेऊन येतो. त्या दिवशी पान चाळणीवर पडून राहतं, वाळत नाही, लाल होत जातं, आंबूस वास धरतं. उलट कडक ऊन आणि जोरदार कोरडा वारा असला तर पान बाहेरून कडकडीत होतं आणि आतलं रसायन अर्ध्यावर थांबतं. असा चहा कच्चा, गवती लागतो आणि घशाला टोचतो.

दोन्ही टोकं टाळून मधला वेग सांभाळणं, आणि तेही दर दिवशी बदलणाऱ्या हवेत, हे खरं काम. थर किती पातळ, चाळणी कधी आत, कधी बाहेर, कुठल्या घडीला एकत्र करायचं हे दर वेळी नव्याने ठरतं. दर्जाच्या चहात पैसे कळ्यांचे असतात तितकेच या निर्णयांचे असतात. कळ्या उत्तम आणि कोमेजवणं फसलेलं, असा चहाही महागच विकला जातो. म्हणून नुसती रुपेरी कळी बघून भुलू नये.

‘हे यंत्राने होणार नाही का?’ होतं. तापमान आणि हवा नियंत्रित करणाऱ्या खोल्या, खालून गरम हवा सोडणारे लांब हौद, काचेची छपरं हे सगळं आज फूदिंगमध्ये आहे आणि बराचसा चहा त्यातूनच येतो. पावसाळी वसंतात नीट सांभाळलेली खोली फसलेल्या उन्हापेक्षा केव्हाही चांगली. शुद्ध उन्हात वाळवलेल्या चांगल्या चहाची चव जास्त मोकळी लागते हे मी मान्य करतो, पण ‘सन-ड्राइड’ हा शब्द आता प्रत्येक डब्यावर असतो आणि खुडणीच्या त्या थोड्या दिवसांत तेवढं ऊन फूदिंगला मिळत नाही.

हजारो वर्षांची परंपरा?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सोंग वंशाचा सम्राट हुइझोंग याने 1107च्या सुमारास चहावर लिहिलं आणि त्यात पांढऱ्या चहाची थोरवी गायली. 1115 मध्ये त्याने फूजियानमधल्या एका जिल्ह्याला आपल्या कारकिर्दीचं नाव दिलं, तेच आजचं झेंगहे. पण सम्राटाचा तो चहा फिकट पानांच्या दुर्मीळ झाडांचा होता, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पान वाफवून, दाबून त्याच्या वड्या करत. आजच्या पांढऱ्या चहाशी त्याची कृती जुळत नाही.

कृतीच्या दृष्टीने जवळचा उल्लेख सोळाव्या शतकातला. मिंग काळातल्या एका जाणकाराने लिहून ठेवलं की आगीवर केलेल्या कळ्या दुय्यम, उन्हात वाळवलेल्या वरचढ, कारण त्या निसर्गाच्या अधिक जवळ असतात. फूदिंगमध्ये कळ्यांचा सुट्टा चहा 1796च्या सुमारास सुरू झाल्याचं मानतात, तोही गावठी काइचा झुडपांपासून. मोठ्या कळीची दाबाय जात एकोणिसाव्या शतकात हाती आली आणि मग आजच्या रुपेरी सुया शक्य झाल्या. बाय मूदान तर 1922च्या आसपासचा, तोही जवळच्या जियानयांगमधल्या श्वेइजी गावचा. म्हणजे परंपरा खरी, पण वय दोनेक शतकांचं. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

आणखी एक गल्लत खरेदीत नडते. झेजियांग प्रांतातला ‘आन्जी बायचा’ नावाने पांढरा आहे, पण ती फिकट पानांच्या जातीची हिरव्या पद्धतीने केलेली चहापत्ती आहे. चवीला सुंदर, पण वर्ग हिरवा. चीनच्याच युन्नान प्रांताचा ‘युएग्वांग बाय’ मोठ्या पानांच्या जातीचा, वरून काळा, खालून पांढरा, चवीला बराच मधाळ. आपल्याकडे दार्जिलिंग आणि निलगिरीतही पांढरा चहा होतो. दार्जिलिंगच्या जुन्या मळ्यांत चिनी जातीची झुडपं आहेत. 1840च्या दशकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यूनला चीनमध्ये धाडून रोपं, बिया आणि कारागीरही हिमालयात आणवले होते. या चहांना फूदिंगची नक्कल समजू नये. त्यांचा स्वाद त्यांच्या मातीचा आहे.

कॅफिन कमी? औषधी?

कॅफिन कमी हा दावा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत कच्चा. कॅफिन हे झाडाचं किड्यांपासून बचावाचं द्रव्य आहे. म्हणून ते कोवळ्या कळीत सर्वांत जास्त असतं आणि जून पानात कमी. रुपेरी सुया तर नुसत्या कळ्याच. कोमेजवण्या-वाळवण्याने कॅफिन उडून जात नाही. कपात ते कमी उतरलं, तर पाणी कमी तापवल्यामुळे किंवा थोडा वेळ ठेवल्यामुळे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम आणि गरोदरपणी 200 मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. पांढरा चहाही त्याच हिशेबात धरायचा.

औषधी गुणांची गोष्ट अशी. ताइमू डोंगराच्या परिसरात एक आख्यायिका आहे: एका बाईने गोवराच्या साथीत मुलांना या कळ्यांचा काढा दिला आणि पुढे ती त्या डोंगराची देवता झाली. गावकऱ्यांनी तापात, घशाच्या दुखण्यात हा चहा वापरला आहे. तो त्यांच्या जगण्याचा भाग आहे आणि आदरानेच सांगायला हवा. पण डब्यावरचे वजन घटवण्याचे आणि कर्करोग रोखण्याचे इशारे येतात ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवर किंवा उंदरांवर केलेल्या अभ्यासांतून. माणसाने रोज दोन कप पांढरा चहा प्यायल्याने असं काही होतं, याचा भक्कम पुरावा नाही. चहाच्या अर्काच्या गोळ्या तर टाळाव्यातच. हिरव्या चहाच्या अर्कातून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त कॅटेचिन पोटात गेलं तर यकृताला धोका संभवतो, असं त्याच प्राधिकरणाने 2018 मध्ये सांगितलं. कपातला चहा आणि गोळीतला अर्क या फार वेगळ्या गोष्टी आहेत.

एक सूचना आपल्याकडे जास्त लागू पडते. चहातली तुरट द्रव्यं भाज्या-डाळींतलं लोह शरीरात नीट शोषलं जाऊ देत नाहीत. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी कुठलाही चहा जेवणाबरोबर घेऊ नये, मध्ये तासभर जाऊ द्यावा.

‘सात वर्षांनी खजिना’

पांढऱ्या चहाबद्दल एक वचन चीनमध्ये विक्रेत्यांच्या तोंडी असतं: एक वर्ष चहा, तीन वर्षांनी औषध, सात वर्षांनी खजिना. यामागे खरा पाया आहे. पानातलं विकर पूर्ण मारलेलं नसतं आणि हवेशी संबंध राहतो, त्यामुळे साठवणीतही चहा बदलत राहतो. कॅटेचिन घटतात, त्यांतली काही अमिनो आम्लांशी जोडली जाऊन नवी संयुगं बनतात, तुरटपणा मवाळ होतो. ताज्या चहातली काकडी-गवताची, फुलांची चव जाऊन सुक्या खजुराची, वनौषधींची, मधाची चव येते. शोउमेइसारख्या मोठ्या पानांच्या चहात हा बदल सर्वांत छान होतो. म्हणून त्याच्या चकत्याही दाबतात. युन्नानच्या पु-अर या मुरवलेल्या चहासारख्या, साधारण साडेतीनशे ग्रॅमच्या. साठवायला जागा कमी लागते.

अडचण बाजारातली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पांढरा चहा मुख्यतः निर्यातीचा माल होता. हाँगकाँगच्या चहाघरांत शोउमेइ रोजचा, स्वस्त चहा म्हणून प्यायला जाई. 1968 मध्ये फूदिंगने हाँगकाँगच्या गिऱ्हाइकासाठी हलका दाब दिलेला, लवकर उतरणारा ‘नव्या पद्धतीचा’ पांढरा चहाही काढला. चीनमध्ये घरोघरी साठवून ठेवण्याची हौस अलीकडची. मग आज वीस वर्षांचा जुना चहा एवढा कुठून येतो? बराच येत नाहीच. नवं पान दमट उष्णतेत ठेवून काळं केलं जातं आणि वर जुनी तारीख छापली जाते. ओळखण्याची खूण अशी: खऱ्या जुन्या चहात रंग मिश्र असतात, कळी राखट, पान तपकिरी, मध्येच हिरवट झाक, चहा स्वच्छ, नारिंगी उतरतो. बनावट चहा एकजात काळा असतो, वास कुबट किंवा आंबट, पाणी गढूळ. माझा सल्ला असा की सुरुवातीला तीन ते पाच वर्षांपलीकडच्या तारखेसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

प्यायचा कसा

आधी दूध बाजूला. दुधातली प्रथिनं चहाच्या द्रव्यांना धरतात आणि नाजूक वास झाकून टाकतात. सीटीसी चहा हे पेलतो, हा पेलत नाही.

चिनी पद्धतीत गायवान वापरतात: झाकण, वाटी आणि बशी असं तीन तुकड्यांचं भांडं, साधारण 100 ते 120 मिलिलिटरचं. त्यात पाच ग्रॅम चहा, पाणी ओतायचं आणि पहिल्यांदा वीसेक सेकंदांत गाळून घ्यायचं. मग तेच पान पुन्हा, दर वेळी थोडं जास्त वेळ, सहा-सात फेऱ्या सहज. पाणी कोमट असावं असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. रुपेरी सुयांना 85 ते 90 अंश ठीक, पण बाय मूदान आणि शोउमेइला उकळतं पाणी खुशाल वापरा. चांगलं कोमेजवलेलं पान उकळत्या पाण्याला घाबरत नाही. कडू झालंच तर ओतून ठेवायची वेळ कमी करा.

गायवान नसेल तर झाकणाचा मोठा मग पुरे. 200 मिलिलिटरला दोन-तीन ग्रॅम, चार-पाच मिनिटं, तळाशी थोडं ठेवून पुन्हा पाणी. सुया काचेच्या पेल्यात भिजवल्या तर काही वेळाने एकेक कळी उभी राहून हळूहळू तळाशी उतरते. लव पाण्यावर तरंगते, ती धूळ समजून गाळू नका. पाण्याकडे मात्र लक्ष हवं. बोअरवेलचं जड पाणी या चहाची सगळी चव मारतं, वर तवंग धरतं. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या आसपास बोअरवर राहणाऱ्यांनी शुद्ध केलेलं मऊ पाणी घ्यावं, नाहीतर महाग चहा घेऊन उपयोग नाही.

उकळून पिण्याची सवय सुटत नसेल तर जुना शोउमेइ आपल्यासाठीच आहे. तीन-चार ग्रॅम पान 600 मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं मंद उकळू द्या. दक्षिण चीनमध्ये त्यात मुरवलेल्या संत्र्याच्या वाळक्या सालीचा तुकडा टाकतात. साखर न घालताही तो गोडसर लागतो.

पहिल्यांदा घ्यायचा तर

सुयांनी सुरुवात करू नका. त्या नाजूक असतात, आपली जीभ कडक चहाला सरावलेली, आणि पैसे गेल्याची चुटपुट लागते. आधी 50 ग्रॅम बाय मूदान आणि तेवढाच शोउमेइ घ्या. पाकिटावर फूदिंग किंवा झेंगहे, प्रकाराचं नाव आणि खुडणीचं वर्ष असावं. नुसतं ‘व्हाइट टी’ लिहिलेल्या, आत भुकटी असलेल्या टी बॅग टाळा. पान अखंड दिसलं पाहिजे, कारण न तोडणं हीच तर या चहाची कृती आहे.

साठवण हा आपल्याकडचा कळीचा भाग. घरी चहा मुरवायचा विचार मुंबई, कोकण आणि गोव्यात जपून करावा. पावसाळ्यातली हवा साडेआठ टक्के ओलीच्या पानाला काही आठवड्यांत सादळून टाकते, आणि सादळलेला चहा मुरत नाही, कुजतो. आतून अॅल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घट्ट बंद करून, ती डब्यात, डबा उन्हापासून आणि मसाल्याच्या कपाटापासून लांब ठेवा. फ्रीजमध्ये नको, तिथल्या भाज्यांचा वास पान लगेच धरतं. पिशवी पावसाळ्याआधी भरून ठेवा आणि रोजच्या वापरापुरता चहा वेगळ्या लहान डबीत काढा, म्हणजे जून ते सप्टेंबर मोठी पिशवी उघडावीच लागणार नाही.